मान वाकडी झाली की ती मानमोडीच असते असे नाही

गेल्या श्रावणात पाऊस जरा उघडल्यावर आमच्या गल्लीतल्या एक काकी डालग्यात घालून तीन महिन्यांची एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घेऊन आल्या. करवीर तालुक्यातले आमचे गाव आता कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटले आहे, तरी परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणारी घरे अजून पुष्कळ आहेत. डालगे उघडले तेव्हा ती तलंग पाय पोटाशी दुमडून बसली होती, तिचे डोके पार पाठीला टेकले होते आणि चोच आभाळाकडे लागली होती. उभे करायला गेले की ती मागच्या मागे कोलमडत होती. "मानमोडी लागलीया बघा हिला. कापू का बाजारात देऊन येऊ?" एवढेच काकींना विचारायचे होते.

त्यांनी सुचवलेले दोन्ही मार्ग चुकीचे होते. ती खरोखर मानमोडी असती, तर कोंबडी बाजारात नेणे म्हणजे तालुकाभरच्या खुराड्यांत रोग पोचवणे ठरले असते; आणि मानमोडी नसती, तर काही दिवसांत बरी होऊ शकणारी तलंग उगाच सुरीखाली गेली असती. आपल्याकडे मान वाकडी, पाय लुळा, अंगाला कंप असे काहीही दिसले की त्याला मानमोडी म्हणण्याची सवय आहे. वास्तविक मानमोडी हे राणीखेत या एका विषाणूजन्य रोगाचे नाव आहे आणि वाकडी मान हे अनेक कारणांनी दिसणारे लक्षण आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, की कोणत्या कोंबडीवर उपचार करायचे, कोणती ताबडतोब वेगळी ठेवायची आणि कोणाला कळवायचे, हे बऱ्याच अंशी घरच्या घरी ठरवता येते.

कोंबडीची मज्जासंस्था आपल्यासारखीच मेंदू, मज्जारज्जू आणि तिथून निघणारे मज्जातंतू अशी असते, आणि बिघाड यांपैकी कोठे आहे त्यावर लक्षण ठरते. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला इजा झाली की डोके थरथरते, पाऊल भलतीकडे पडते आणि पक्षी उलथापालथा होतो. कानाच्या आतल्या भागात पू झाला किंवा डोक्याला मार बसला, तर मान एका बाजूला कलते आणि पक्षी त्याच बाजूला गोल गोल फिरतो. मांडीतून पायाकडे जाणारा मज्जातंतू सुजला तर डोळे तरतरीत असतात, भूकही असते, पण एक पाय साथ देत नाही. आणि विषामुळे मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचेनासा झाला, तर पक्षी ताठ किंवा वाकडा न होता भिजल्या फडक्यासारखा सैल पडतो. पाहणारा शांतपणे पाच मिनिटे बसला, तर हे फरक दिसतात.

म्हणून आजारी पक्षी हातात घेण्यापूर्वी तो दुरून पाहावा. त्याचे वय किती, एकच पक्षी आजारी आहे की अनेक, लक्षण एका रात्रीत आले की आठवडाभर वाढत गेले, आणि गेल्या महिन्यात खाण्यात काय बदल झाला, या चार प्रश्नांची उत्तरे मी कागदावर लिहून घेतो, कारण दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर नेमके हेच विचारतात. त्यानंतर आजार मज्जासंस्थेचा नसेलच, ही शक्यताही तपासावी लागते. अंडे अडकलेली कोंबडी पाय फाकवून बसते आणि तिला चालता येत नाही. सतत अंडी देणाऱ्या कोंबडीत चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, ओढाताण झाली की तिचे पाय गळून जातात. तळव्याला गळू झालेली कोंबडी लंगडते, आणि जंतांनी पोखरलेली कोंबडी नुसत्या अशक्तपणाने झोकांड्या खाते. तळवा उलटून पाहणे, पोट हलक्या हाताने चाचपणे आणि छातीचे हाड किती वर आले आहे ते बघणे, एवढ्याने यांपैकी बरेच लक्षात येते.

काकींच्या तलंगेची हकिगत विचारल्यावर उलगडा होऊ लागला. पावसाळ्यात तिला आणि तिच्या तीन बहिणींना गच्चीवरच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवले होते. एका खानावळीतून रोज उरलेला पांढरा भात येत असे आणि तोच त्यांचा जवळजवळ संपूर्ण आहार होता. मधे रक्ती हगवण झाली म्हणून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध सुरू केले होते, आणि हगवण थांबल्यावरही पुन्हा होऊ नये म्हणून ते पुढे तीन आठवडे चालूच ठेवले होते. पॉलिश केलेल्या तांदळात ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, नाममात्र उरते. अँप्रोलियम हगवणीच्या जंतूला मारते ते त्याला थायमिन घेण्यापासून अडवून. पण मात्रा किंवा मुदत वाढली, तर ते कोंबडीचेही थायमिन अडवते. मेंदूला आणि मज्जातंतूंना साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी थायमिन लागते. ते संपले की मानेचे पुढचे स्नायू दुबळे होतात, मागचे स्नायू मान ओढून धरतात आणि कोंबडी तारे मोजत बसल्यासारखी दिसते.

हा आजार वैद्यकाच्या इतिहासात फार मोठा मान मिळवून बसला आहे. १८९० च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीचे कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अशाच लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढरा भात मिळत होता, आणि नव्या आचाऱ्याने तो द्यायचे बंद केल्यावर त्या सुधारल्या. तांदळाच्या सालीत काहीतरी जीवनावश्यक असते, हा धागा तिथून सुरू झाला, आणि आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, आजरा अशा भाताच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट पाठ असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी तलंगेच्या वजनाप्रमाणे थायमिनचे इंजेक्शन दिले आणि अँप्रोलियम बंद करायला सांगितले. ती सकाळी साडेदहाची वेळ होती. दुपारी तीनच्या सुमारास तिचे डोके पाठीवरून उचलले गेले, पण ते घड्याळाच्या लंबकासारखे हलत राहिले. संध्याकाळी तिने मी बोटावर धरलेल्या ओल्या कण्या टिपल्या, त्याही तीनदा नेम चुकून चौथ्यांदा. थायमिनच्या कमतरतेत सुधारणा अशी काही तासांत दिसते, आणि म्हणून उपचार हीच एक प्रकारे परीक्षाही ठरते. मात्र हे जीवनसत्त्व खाद्यात मिसळून थांबणे पुरत नाही, कारण आजारी पक्ष्याची भूकच मेलेली असते. ते तोंडात थेंब देऊन किंवा टोचूनच द्यावे लागते.

ब२ जीवनसत्त्वाची उणीव वेगळी दिसते. एक ते तीन आठवड्यांच्या पिलांची पायांची बोटे आत मुठीसारखी वळतात आणि ती पंजा टेकवण्याऐवजी ढोपरांवर चालतात. बोटे वळल्याला दोन-चार दिवसच झाले असतील तर हे जीवनसत्त्व दिल्यावर पिलू सुधारते. पण महिनाभर उशीर झाला तर मज्जातंतूची हानी कायमची राहते.

ई जीवनसत्त्वाच्या उणिवेत दोन ते चार आठवड्यांची पिले एकाएकी तोल जाऊन आडवी पडतात, पाय झाडतात आणि त्यांचे डोके खाली किंवा मागे वळते. लहान मेंदूत सूज येऊन तो भाग मऊ पडल्याने असे होते. याचे एक कारण आपल्या अगदी हाताशी असते, ते म्हणजे खवट झालेले खाद्य. भाताचा ताजा कोंडा कोंबडीला उत्तम, त्यात थायमिन भरपूर असते. पण त्यात तेलही असते, ते दमट हवेत फार लवकर खवट होते आणि खवट तेल ई जीवनसत्त्वाचा नाश करते. जो कोंडा गिरणीतून आल्याच्या आठवड्यात औषधासारखा, तोच जुलैभर पोत्यात पडून राहिला तर पिलांचा मेंदू बिघडवणारा. कोंडा चिमूटभर हातावर घेऊन वास घ्यावा. जुन्या तेलाचा वास आला तर तो कोंबड्यांपुढे टाकू नये. पोत्यातल्या मक्याला आणि शेंगदाण्याच्या पेंडीला लागणारी बुरशी हाही याच महिन्यांतला शत्रू आहे. ई जीवनसत्त्वाबरोबर सेलेनियमही दिले जाते, पण त्याची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने ते स्वतःच्या अंदाजाने देऊ नये.

इतक्याच लहान वयात, साधारण पहिल्या तीन आठवड्यांत, एक विषाणूजन्य आजारही होतो. त्यात पिलू हातात धरले की डोक्याचा आणि मानेचा बारीक, वेगवान कंप बोटांना जाणवतो. अंड्यातून पिलांत उतरणाऱ्या या आजारावर औषध नाही, आणि जीवनसत्त्वे देऊन दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर त्याचा विचार करावा लागतो.

आता खऱ्या मानमोडीकडे येऊ. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये हा रोग ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच कुमाऊँतल्या राणीखेत इथे तो दिसला, म्हणून जगात त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात आणि भारतात राणीखेत. यात नुसती मान वाकडी होत नाही. आधी पक्षी तोंड उघडून श्वास घेतात, घरघर ऐकू येते, हिरवट पातळ विष्ठा होते, अंडी एकदम घटतात किंवा मऊ कवचाची येतात. मान पिळवटणे, पंख लोंबणे आणि लुळेपणा हे त्याबरोबर किंवा नंतर येते. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वेग. आज एक, परवा चार आणि आठवड्यात निम्मे खुराडे, अशी त्याची चाल असते. लस न दिलेल्या कळपात तो जवळजवळ सगळे पक्षी नेऊ शकतो. विषाणूवर औषध नाही. जे वाचतात त्यांतल्या काहींची मान कायमची वाकडी राहते, ते खाऊन-पिऊन जगतात, पण काही काळ विषाणू बाहेर टाकत राहतात. माणसाला यापासून सहसा डोळे लाल होण्यापलीकडे त्रास होत नाही, तरी हात न धुता डोळ्यांना लावू नयेत.

बर्ड फ्लूही याच वेगाने येतो आणि त्यातही मान वाकडी होते, झटके येतात. जोडीला तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गलोल निळे पडणे, डोके सुजणे आणि कोणतेही लक्षण न दाखवता पक्षी मरून पडणे, हे दिसते. देशात पाळीव कोंबड्यांतला त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक घरी ओळखता येत नाही, अनुभवी डॉक्टरही तो प्रयोगशाळेशिवाय सांगत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांत एकाहून अधिक पक्षी मेले, तर मेलेला पक्षी कापू नये, ओढ्यात किंवा पंचगंगेत टाकू नये, उरलेले घाईने विकू नयेत, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. १९६२ या क्रमांकावर फोन करूनही पशुसंवर्धन विभागापर्यंत पोचता येते. हे दोन्ही रोग कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कळवले तर आपलीच कोंबडी जाईल या भीतीने लोक गप्प बसतात; ती भीती मला समजते, पण त्या गप्प बसण्याची किंमत शेजारच्या दहा घरांना मोजावी लागते.

मरेक्स या रोगाने मला स्वतःला जो धडा दिला तो अजून सलतो. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून मी पाच तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्या कळपात सोडल्या. चार महिन्यांची झाल्यावर त्यांतली एक लंगडू लागली. डोळे स्वच्छ, भूक चांगली, श्वास व्यवस्थित; मी मुरगळले असेल असे समजून तिचा पाय तेलाने चोळत राहिलो. आठवड्याभरात ती एक पाय पुढे आणि एक पाय मागे ताणून बसू लागली. हे चित्र मरेक्सची जवळजवळ सहीच असते, पण मला ते माहीत नव्हते. ती मेल्यावर दवाखान्यात शवविच्छेदन केले, तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांचे स्नायू बाजूला करून आतले मज्जातंतू शेजारी शेजारी दाखवले: एका बाजूचा पांढरा, चकचकीत, त्यावर बारीक आडव्या रेघा असलेला, दुसऱ्या बाजूचा दुपटीने जाड, पिवळट आणि रेघा पुसलेला. तेल चोळून त्यावर काही होणार नव्हते. पुढच्या पाच महिन्यांत माझ्या जुन्या कळपातल्या आणखी चार गेल्या.

हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्यांनी १९०७ मध्ये या लुळेपणाचे पहिले वर्णन केले. हा नागीण कुळातला विषाणू आहे. तो पिसांच्या मुळांशी वाढतो आणि कोंड्यासारख्या बारीक धुळीतून पसरतो. ती धूळ खुराड्यात कित्येक महिने रोग पसरवू शकते. साधारण दीड ते सात महिन्यांच्या पक्ष्यांत तो दिसतो, कधी डोळ्याचे बुबूळ राखाडी आणि बाहुली वेडीवाकडी होते, कधी पोटात गाठी होतात. माणसाला तो होत नाही. उपचार नाही, पण लस आहे, आणि ती अंड्यातून बाहेर पडल्याच्या पहिल्या दिवशी मानेच्या कातडीखाली द्यावी लागते. परसातल्या पाळणाऱ्याला हे जमणे अवघड, म्हणून पिले विकत घेताना मरेक्सची लस दिली आहे का हे उबवणी केंद्रात स्पष्ट विचारावे. ही लस गाठी आणि लुळेपणा रोखते, संसर्ग पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे लस दिलेला निरोगी दिसणारा पक्षीही विषाणू बाळगून असू शकतो. नवा पक्षी महिनाभर वेगळा ठेवण्याचा आग्रह मी आता सोडत नाही. मरेक्स एवढ्याने नक्की टळतो असे नाही, पण राणीखेतसारखे रोग मात्र याच काळात उघडे पडतात.

विषबाधेची गोष्ट निराळी आहे. कुजलेल्या मांसात आणि त्यातल्या अळ्यांत बोट्युलिझमचे विष असू शकते. ते खाल्ल्यावर आधी पाय, मग पंख, मग मान आणि शेवटी पापण्या सैल पडतात, आणि ओढली तर पिसे सहज हातात येतात. शिरोळ, करवीरच्या नदीकाठी २०१९ आणि २०२१ सारखे महापूर ओसरल्यावर गाळात मेलेले प्राणी राहतात, तेव्हा कोंबड्या काही दिवस कोंडून ठेवणे शहाणपणाचे. वाटेतला मेलेला उंदीर काढून टाकणे हाच इथला अर्धा उपचार आहे; सौम्य बाधा झालेला पक्षी पाणी आणि शुश्रूषा मिळाली तर दोन-तीन दिवसांत सावरतो. जूनच्या पेरणीत सोयाबीन आणि भुईमुगाचे बीजप्रक्रिया केलेले रंगीत बी बांधावर सांडते, उसाच्या शेतात उंदरांसाठी आमिषे ठेवलेली असतात. कीटकनाशकाने लाळ गळणे, पातळ विष्ठा, कंप आणि धाप लागणे असे झाले तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नये. काही कीटकनाशकांवर डॉक्टरांकडे उतारा असतो, म्हणून औषधाचे पाकीट बरोबर न्यावे. खारवलेले मासे आणि फरसाणाचा उरलेला चुरा यांतल्या मिठानेही कोंबड्या झटके येऊन मरतात.

एक कारण हमखास विसरले जाते, ते गोचिडांचे. कोंबड्यांच्या गोचिडी दिवसा खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. गोचिडांची पिल्ले मात्र पंखाखाली दिवसेंदिवस चिकटून राहतात आणि त्यांच्या लाळेने लुळेपणा येऊ शकतो. शिवाय गोचिडी एका तापाचे जंतूही पसरवतात, ज्यावर पेनिसिलिनचा उपयोग होतो. रात्री दहानंतर विजेरी घेऊन फटी पाहाव्यात. गोचिडी काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून चालू लागलेली कोंबडी मी पाहिली आहे.

कारण काहीही असो, शुश्रूषा पहिल्या तासापासून सुरू करता येते. पक्षी वेगळ्या, कोरड्या, उबदार आणि मंद उजेडाच्या खोक्यात ठेवावा, कारण इतर कोंबड्या दुबळ्याला टोचून जखमी करतात. वाकड्या मानेच्या कोंबडीला भांड्यातून पिता येत नाही, आणि अशा अनेक कोंबड्या रोगापेक्षा तहानेनेच मरतात. ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावावा, तो गिळू द्यावा, मग दुसरा. चोच उघडून पाणी ओतू नये. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचे तोंड असते आणि पाणी थेट फुफ्फुसात जाते. भिजवलेले खाद्य, कुस्करलेला उकडलेला बलक, बारीक चिरलेली मेथी, जोंधळ्याच्या ओल्या कण्या हे थोडे थोडे द्यावे आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्रीतून रिकामी होते का हे सकाळी चाचपावे. उभे राहता येत नसेल तर जुन्या धोतराच्या फडक्याला पायांसाठी दोन भोके पाडून झोळी करावी आणि पंजे जेमतेम जमिनीला लागतील अशी टांगावी. दिवसातून दोन-तीनदा अर्धा तास पुरे. एरवी कूस बदलत राहावे, नाहीतर छातीला व्रण पडतात. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, तेव्हा शेजाऱ्याकडे उरलेली बाटली वापरू नये. डॉक्टरांनी औषध दिलेच, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारून घ्यावे.

चांगली शुश्रूषा करूनही आठवडाभर सुधारणा नाही, पक्षी खात नाही, झटके थांबत नाहीत, तेव्हा डॉक्टरांकडून त्याला वेदनेविना सोडवणे हीच माया असते. मेलेला पक्षी फ्रीझरमध्ये गोठवू नये, कारण गोठल्याने ऊती फाटतात. दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत दवाखान्यात न्यावा. तिथून गरजेप्रमाणे नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात.

काकींची तलंग आठव्या दिवशी सरळ मानेने चालू लागली आणि त्यानंतर आम्ही गल्लीने मिळून राणीखेतची लस करायचे ठरवले. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, ती महिन्याभराची झाल्यावर पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस पंखाखाली टोचून, असा क्रम असतो. आधी लासोटा न मिळालेल्या लहान पक्ष्यांना आर-टू-बी दिली, तर तीच लुळेपणा आणू शकते, म्हणून क्रम मोडायचा नाही. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि पाण्यात विरघळवल्यावर ती दोनेक तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकट्याने ती फोडायला कोणी धजत नाही, आणि परसातल्या कोंबड्या बिनलशीच्या राहतात त्या मुख्यतः यामुळे. आम्ही सात घरांच्या त्र्याण्णव कोंबड्या मोजल्या, त्यांतल्या मोठ्यांनाही आधी लासोटाच द्यायची असे डॉक्टरांशी बोलून ठरवले, थर्मासात बर्फ भरून कुपी आणली आणि दिवे लागल्यावर, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, घरोघर फिरलो. एकाने विजेरी धरायची, एकाने कोंबडी, आणि मी थेंब डोळ्यात पूर्ण जिरेपर्यंत थांबून मगच पुढची मागायची, असे चालले होते. पावणेदोन तासांत शेवटचे खुराडे झाले, आणि तळाशी उरलेली लस कुपीसकट उकळत्या पाण्यात टाकली.